मुरवण्यातला पहिला नंबर

“एका वेलीला किती गुण द्यायचे, सर?” दिगंबर मेस्त्रीनं विचारलं आणि नाबर सर गंभीर झाले.

मुरवण्याच्या किनाऱ्यावर आमच्या शिबिराचा तिसरा दिवस होता. सकाळचे आठ वाजले होते. आम्ही चाळीस मुलंमुली खाकी टोप्या घालून वाळूत चार रांगांत उभे होतो, आणि अडचण अशी होती की करायला काही उरलं नव्हतं. ‘स्वच्छ किनारा, सुंदर किनारा’ हे शिबिराचं घोषवाक्य. सात दिवस राबून किनारा स्वच्छ करायचा, असं कॉलेजात ठरलं होतं. पण ही एक्याण्णव सालची गोष्ट. मुरवण्यासारख्या गावात तेव्हा कचरा करायलाही लोकांकडे फारसं काही नसे. जाळ्यांचे तुकडे, चार चपला, एक फुटका बल्ब आणि कुठल्याशा बोटीवरून वाहत आलेली शाम्पूची परदेशी बाटली, एवढा ऐवज पहिल्या दिवशी जेवणाच्या आधीच गोळा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच पुन्हा पसरून पुन्हा गोळा केला, कारण वर्तमानपत्राचा फोटोग्राफर दुसऱ्या दिवशी आला.

नाबर सर राज्यशास्त्र शिकवत. कॉलेजच्या श्रमसेवा पथकाचे ते प्रमुख होते आणि रिकाम्या हातांची त्यांना मनापासून भीती वाटे. हात रिकामे राहिले की मुलं पत्ते काढतात, मुली मुलांशी बोलतात आणि शेवटच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांना दाखवायला काही उरत नाही. त्या सकाळी त्यांनी कमरेवर हात ठेवून किनारा न्याहाळला. भरतीच्या रेषेच्या वर वाळूचा पुरुषभर उंचवटा होता, लांबच लांब, गावाच्या बाजूनं नारळाच्या बागांना टेकलेला. त्याच्यावर शेळीच्या खुरासारख्या पानांची हिरवी वेल पसरली होती. मधूनमधून जांभळी फुलं होती. बाकी पुळण पांढरीशुभ्र आणि तेवढाच भाग हिरवा, म्हणजे अस्ताव्यस्त.

हे सगळं तण आहे, असं सरांनी जाहीर केलं. चार गटांत स्पर्धा लावली. दिगंबरच्या प्रश्नावर बराच विचार करून त्यांनी निर्णय दिला की वेलीला गुण देणं अन्यायाचं होईल, कारण वेल लहान-मोठी असते. गुण लांबीवर, हातानं मोजून. उपटलेल्या वेलीच्या एका हाताला एक गुण. राज्यशास्त्राच्या माणसाला न्यायाची चाड असते.

मी तिसऱ्या गटाची प्रमुख होते. चार गटप्रमुखांत विज्ञान शाखेची मी एकटी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. दिगंबरचा गट अंगात रग असलेल्या मुलांचा. ते वेल धरून रस्सीखेच खेळावी तशी खेचायचे आणि वेल हातातच तुटायची. मी माझ्या गटाला समजावलं की ह्या वेलीला एका जागी मूळ नसतं, ती दर पेराला मुळं सोडते. तेव्हा आधी कोयत्यानं पेराखालची मुळं तोडायची आणि मग अख्खी वेल चटईसारखी गुंडाळत जायची. संध्याकाळपर्यंत दिगंबरच्या गटाचे सहाशे हात झाले आणि आमचे अकराशे. सरांनी कर्ण्यातून माझं नाव घेऊन सांगितलं की शास्त्रीय दृष्टिकोन म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रुपदाकाकी आल्या. उंचवट्यामागचं पहिलंच घर त्यांचं. नवरा मासेमारीला गेलेला परत आला नव्हता, मुलगा बोटीवर खलाशी, सून माहेरी बाळंतपणाला. घरात त्या, अठरा माड आणि एक विहीर, त्यांच्या बोलीत बाव. त्या भागात किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याची ती एकच विहीर होती. आम्ही शिबिरार्थी पाणी तिथलंच पीत होतो. त्या हातात झाडू घेऊन आल्या होत्या, अंगण अर्धं झाडून तशाच.

“मास्तरानू,” त्या म्हणाल्या, “तुमी ही येल कित्याक उपटतास? ती दर्याक मर्याद घालता.”

सरांनी त्यांना अतिशय आदरानं वागवलं. शिबिरात ग्रामस्थांशी आदरानं वागायचं, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. त्यांनी काकींना खुर्ची आणायला सांगितलं, खुर्ची नव्हती म्हणून उभ्याउभ्याच स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं, वेलीत साप असतात हे सांगितलं, आणि अंधश्रद्धेवरही थोडं बोलले. काकी ऐकत होत्या. मग आमच्याकडे, म्हणजे गुंडाळलेल्या वेलींच्या ढिगाकडे बघत त्या म्हणाल्या की साप ह्या वेलीत त्यांनी साठ वर्षांत पाहिलेला नाही, माणसं मात्र पहिल्यांदाच पाहतायत. सर हसले. आम्हीही हसलो. काकी अंगण पुरं करायला गेल्या.

त्यांच्या दारासमोरचा उंचवटा आम्ही पाचव्या दिवशी फोडला. त्याला कारण होतं. समारोपाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते आणि त्यांना गुडघ्याचा त्रास होता. वाळू चढून उतरणं त्यांना जमणार नव्हतं. मांडव समुद्रासमोरच हवा होता, नाहीतर किनारा स्वच्छ केल्याचं दिसणार कसं? तेव्हा दिगंबरच्या गटानं फावडी लावून उंचवट्यात चांगली गाडी जाईल एवढी खिंड पाडली. वेल गेलेली वाळू लोण्यासारखी निघत होती. कोरडी वाळू वाऱ्यानं डोळ्यांत जायची तेवढाच काय तो त्रास.

समारोप देखणा झाला. खिंडीच्या दोन्ही बाजूंना गेरू-चुन्यानं रंगवलेले दगड लावले होते. उघड्या वाळूत आम्ही अशोकाची पन्नास रोपं लावली. अध्यक्षांनी पहिल्या रोपाला पाणी घातलं आणि वाळूनं ते ताबडतोब पिऊन टाकलं. ते म्हणाले की आज समुद्र आपल्याला स्पष्ट दिसतो आहे, याचं श्रेय विद्यार्थ्यांना आहे. उत्कृष्ट स्वयंसेवकाचा चषक मला मिळाला. एकूण चार हजार दोनशे हात.

पुढच्या जुलैत अमावास्येच्या उधाणाला समुद्रालाही मुरवणे स्पष्ट दिसलं. तो खिंडीतून सरळ आत आला. वेल नसलेला उंचवटा त्यानं दोन्ही बाजूंनी खात नेला. काकींचे तीन माड आडवे झाले, ओटीवर वाळू चढली आणि दोन दिवस अंगणात, अंगणातून विहिरीत खारं पाणी उभं राहिलं. दिगंबरची बहीण त्या गावात दिलेली, म्हणून ही बातमी आमच्यापर्यंत आली. त्यानं ती कॉलेजच्या व्हरांड्यात मला सांगितली. खिंड त्याच्याच गटानं पाडली होती. तो भिंतीचा रंग नखानं खरवडत सांगत होता. नाबर सर म्हणाले की निसर्गाच्या कोपापुढे कुणाचं चालत नाही. मी बातमी ऐकली, प्रयोगशाळेत गेले, प्रयोग पूर्ण केला आणि घरी येऊन जेवले. माशाची आमटी होती, हेही आठवतं.

सप्टेंबरात जिल्ह्याची पाहणी समिती आली. उत्कृष्ट पथकाच्या पुरस्कारासाठी आमच्या शिबिराचं नाव गेलं होतं. समितीत तिघं होते. प्रमुख पावसकर म्हणून निवृत्त प्राचार्य, एक बाई ज्या सतत टिपणं काढत, आणि तिसरे गृहस्थ ज्यांना गाडी लागत असल्यामुळे ते डोळे मिटून बसत. सरांनी सोबत मला घेतलं, कारण चषकाची मानकरी. जीपमध्ये त्यांनी मला बजावलं की विचारलं तेवढंच बोलायचं, आणि शक्यतो तेही त्यांनाच बोलू द्यायचं.

सरांचा विचार समितीला शाळेच्या भिंतीवरची घोषवाक्यं दाखवून परत आणायचा होता. पण पावसकरांना किनारा बघायचा होता. मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. तो खरोखर स्वच्छ होता. उंचवटा नव्हता, दगड नव्हते, वेलीचं पान नव्हतं. पन्नासांपैकी एक अशोक काठीच्या रूपात उभा होता. सरांनी त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं की थंडीत त्याला पालवी येईल. टिपणं काढणाऱ्या बाईंनी ते लिहून घेतलं.

काकी अंगणात वाळू उपसत होत्या. आम्हाला बघून त्यांनी घमेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि बसायला सांगितलं. सर घाईत आहोत म्हणाले. काकी म्हणाल्या की दारात आलेलं माणूस चहा न घेता जात नाही. पावसकर जुन्या वळणाचे होते, ते बसले. मग सगळेच बसले. पुढच्या पडवीतून मला ती विहीर दिसत होती. रहाटाला दोर नव्हता. ओटीवर तीन हंडे होते, शाळेजवळच्या नळावरून भरून आणलेले. तो नळ वर घाटीत, जायला यायला पाऊण तास.

त्या हंड्यांना हात न लावता काकी विहिरीकडे गेल्या. भांड्याला सुतळी बांधून त्यांनी पाणी काढलं आणि आत गेल्या. मला ते दिसलं.

कपबशांतून चहा आला. पावसकरांनी घोट घेतला, थांबले आणि गिळला. टिपणं काढणाऱ्या बाईंनी घोट घेतला आणि लिहिणं थांबवलं. डोळे मिटून बसलेल्या गृहस्थांचे डोळे उघडले. सरांनी न थांबता अर्धा कप संपवला. माणूस राज्यशास्त्रात मुरलेला होता.

“चव वेगळी आहे,” पावसकर शेवटी म्हणाले. “गुळाचा आहे का?”

“दर्याचो आसा,” काकी म्हणाल्या.

यजमानांच्या घरचा चहा होता, तो टाकायचा कसा? सगळ्यांनी तो संपवला. मीही संपवला. काकी प्रत्येकाचा कप रिकामा होईपर्यंत उभ्या होत्या. मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी मला ओळखलं होतं.

“तू कोयत्यान मुळां तोडी होतंस मां?”

मी हो म्हटलं.

“काय शिकतंस गो?”

“वनस्पतिशास्त्र.”

काकींना तो शब्द माहीत नव्हता. टिपणं काढणाऱ्या बाईंनी मदत म्हणून सांगितलं, झाडापेडांचं शास्त्र. काकींनी मान हलवली. मग थोडा वेळ त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

“मगे तुका म्हायत होता?”

सर म्हणाले की हा भाग अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला येतो. ती मला दिलेली वाट होती, चांगली रुंद, गाडी जाईल एवढी. आणि ते खोटं होतं. शिबिराच्या तीन महिने आधी मी ह्याच वेलीचं पान दाबून, वाळवून माझ्या संग्रहवहीत चिकटवलं होतं. खाली माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: मर्यादवेल. पेरापेराला मुळं सोडून वाळू धरून ठेवते. किनाऱ्याची धूप थांबवते. मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. एक गुण पान किंचित फाटलं म्हणून गेला. शिबिरात पहिल्याच दिवशी मी ती वेल ओळखली. काकी झाडू घेऊन आल्या तेव्हा त्या काय सांगतायत, हे चाळीसजणांत मला एकटीला नीट कळलं होतं, आणि त्यांना मी हसले होते.

“हो,” मी म्हटलं. “माहीत होतं.”

“मगे उपटलंस कित्याक?”

“पहिला नंबर यायला हवा होता.”

काकी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, “इलो मां पयलो नंबर?”

“आला.”

त्यांनी कप गोळा करायला सुरुवात केली. सर मोकळेपणानं हसले आणि समितीला म्हणाले, “फार विनयशील आहे आमची विशाखा. सगळा दोष स्वतःकडे घेते.” पावसकर बशीकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. पण जीप बंदरावर उभी होती, अजून दोन शिबिरं पाहायची होती, आणि कळलेल्या गोष्टीचं काय करायचं हे समितीच्या छापील तक्त्यात नव्हतं.

कप घेऊन आत जाताना काकी दारात थांबल्या. “लावूक येतलंस?” त्यांनी मला विचारलं. एवढ्या सरळ आवाजात की नाही म्हणायला जागाच नव्हती. मी येईन म्हटलं. बाईंनी लिहून घेतलं: पुढील टप्प्याचे नियोजन झाले आहे.

महिन्याभरानं अहवाल आला. ग्रामस्थांचं आदरातिथ्य, किनाऱ्याची स्वच्छता आणि ‘स्वयंसेवकांमधील वनस्पतींची सखोल जाण’ यांचा त्यात खास उल्लेख होता. पथकाला जिल्ह्यात पहिला पुरस्कार जाहीर झाला. तो घ्यायला एका रविवारी सरांबरोबर मी जायचं ठरलं होतं, पण त्याच रविवारी मी मुरवण्याच्या एसटीत बसले. सरांना चिठ्ठी पाठवली की तब्येत बरी नाही. खरं कारण लिहिण्याइतकी धिटाई माझ्यात तेव्हाही नव्हती. एसटीत दिगंबर होता. आणि शबनम होडेकर, माझ्या गटातली, जिच्या तळहाताला त्या वेलींनी फोड आले होते आणि जिला मी तेव्हा रडूबाई म्हटलं होतं. मी गुपचूप विचारून पाहिलं होतं; चाळीसांतले तीन आलो.

काकींनी आम्हाला पाण्याचंही विचारलं नाही. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आमचं शिबिर पोचलं नव्हतं, तिथे वेल शाबूत होती. तिथून लांब फांद्या कापून आणायच्या, ओल्या वाळूत आडव्या पुरायच्या, शेंडे तेवढे बाहेर ठेवायचे. समुद्राच्या बाजूला नारळाची झावळं उभी खोचायची, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी वाळू तिथे अडते. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि आम्ही केलं. वहीत लिहिलेलं मला काही उपयोगी पडलं नाही. मी फांद्या उभ्या रोवायला लागले तेव्हा काकींनी त्या काढून टाकल्या.

दुपारी दिगंबरनं विचारलं की हे किती दिवस चालेल. काकींनी उलट विचारलं, उपटायला किती दिवस लागले होते? पाच, तो म्हणाला.

“मगे पाच वर्सां धर,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशीच्या लागवडीतली निम्मी वेल पुढच्याच भरतीनं नेली. आम्ही पुढच्या रविवारी परत गेलो. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात शबनमचं पुढच्या वर्षी लग्न झालं. दिगंबर बहिणीकडे आला की दिवसभर काम करून जाई, पण मग तो मुंबईला गोदीत नोकरीला लागला. मला तालुक्याला शाळेत नोकरी मिळाली. सुट्टीला मी मुरवण्याला जात राहिले, कधी मनापासून, कधी नाइलाजानं, कधी महिना-दोन महिने टाळूनही. टाळून गेले की काकी काही म्हणत नसत. फक्त माझ्या वाट्याची झावळं बाजूला काढून ठेवलेली असत, आणि जितके आठवडे टाळले तितका तो ढीग वाढलेला दिसे. एका वर्षी वेल शेळ्यांनी खाल्ली. एका वर्षी गावातल्या मुलांनी तिथे क्रिकेट खेळून तुडवली. तिसऱ्या पावसाळ्यात उधाण आलं आणि वाळू प्रथमच जागेवर राहिली. चौथ्या वर्षी घरासमोर गुडघाभर उंचवटा आला आणि फुलं आली. ह्या सगळ्या काळात मी काकींची दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी मला दुसरं काम सांगितलं.

नाबर सर पुढे प्राचार्य झाले. पुरस्काराची तसबीर त्यांच्या खुर्चीमागे होती. तसबिरीत मी नव्हते, पण ते दर भेटीत मला सांगत की ह्यात तुझा वाटा मोठा आहे, आणि ते अगदी खरं होतं.

पाचव्या वर्षी मे महिन्यात मी एसटीतून उतरले तर काकींच्या सुनेनं वाटेतच सांगितलं की विहिरीचं पाणी गेले दोन महिने पितायत. आता हंडे आणत नाहीत. मी धावतच गेले म्हटलं तरी चालेल. काकी रहाटाशी होत्या. रहाटाला नवा दोर होता. त्या पाणी काढून माडांच्या आळ्यांत ओतत होत्या. पडलेल्या तीन माडांच्या जागी लावलेली रोपं कमरेएवढी झाली होती.

मला एकदम फार वाईट वाटलं. पाच वर्षं मी ह्या एका गोष्टीची वाट बघत होते, आणि ती होऊन दोन महिने झाले तरी मला कुणी सांगितलं नव्हतं. एक पोस्टकार्ड टाकायला काय हरकत होती? मी तसं म्हटलंही.

काकींनी पोहरा काठावर टेकवला. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. मी काय मागतेय, हे त्यांना कळत नव्हतं.

“तुका कित्याक कळवू?” विहिरीच्या काठावर हात ठेवून त्या म्हणाल्या. “बाव माजी आसा.”

मग दोर माझ्या हातात देऊन त्या सावलीला जाऊन बसल्या. अजून नऊ माड शिंपायचे राहिले होते.